अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलंय? मग डॉक्टर आणि कागद, दोन्ही आत्ताच

अ‍ॅस्बेस्टॉसच्या, म्हणजे छपराच्या पत्र्यांत आणि ब्रेक लायनिंगमध्ये वापरल्या जाणाऱ्या तंतुमय खनिजाच्या, धुळीत काम केलेल्या माणसाचा आजार बाहेर यायला साधारण वीस ते चाळीस वर्षं लागतात. भरपाईचा दावा करायला कायदा देतो दोन वर्षं. कामगार हरतो तो बहुतेकदा या दोन आकड्यांच्या मध्ये. कारखाना बंद पडलेला असतो, मुकादम वारलेला असतो, हजेरीपत्रक कुठे गेलं ते कुणालाच ठाऊक नसतं आणि हातात फक्त खोकला उरलेला असतो. म्हणून हा लेख आजारी पडलेल्यांसाठी आहे, तितकाच आज ठणठणीत असलेल्यांसाठीही आहे. खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी जास्त, कारण ज्या कागदांवर पुढे सगळं अवलंबून असतं ते आज सहज मिळतात आणि वीस वर्षांनी मिळत नाहीत.

ही धूळ आपल्याकडे कुणाच्या वाट्याला आली? मुंबईपुरतं बोलायचं तर मुलुंडला सिमेंटच्या पत्र्यांचा आणि घाटकोपरला ब्रेक लायनिंगचा कारखाना होता. दोन्हींच्या मागे सुरुवातीला टर्नर अँड न्यूवॉल या ब्रिटिश कंपनीचं भांडवल होतं. पण कारखान्यात तंतू हाताळणाऱ्यांपुरता हा प्रश्न नाही. कापड गिरण्यांच्या आणि वीज केंद्रांच्या बॉयलरवरचं, वाफेच्या पाइपांवरचं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं वेष्टण, चढवणारे आणि उतरवणारे, जहाज दुरुस्तीच्या गोदीतले फिटर, मुंबईच्या दारूखाना बंदरात नि गुजरातच्या अलंगला जुनी जहाजं तोडणारे, गॅस्केट आणि ग्लँड पॅकिंग कापणारे, गॅरेजमध्ये ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवणारे मेकॅनिक, छपराचे पत्रे ग्राइंडरने कापणारे, हे सगळे यात येतात. आणि यांच्या बायकाही. नवऱ्याचे धुळीने माखलेले कपडे घरी झटकून धुणाऱ्या बायकांना याच धुळीचे आजार झाल्याची उदाहरणं वैद्यकीय वाङ्मयात जगभर नोंदलेली आहेत. तपासणीला जाताना तिलाही सोबत न्या.

भारतात अ‍ॅस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही. खाणींचे परवाने देणं थांबलं, पण पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल, रशिया, कझाकस्तान आणि ब्राझीलहून येतो आणि मुख्यतः पत्र्यांमध्ये जातो. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याच्या वापरावर बंदी घातली, तरी तिथून निर्यात चालूच राहिली. निळा आणि तपकिरी प्रकार अधिक घातक मानले जातात. पांढरा निरुपद्रवी असतो असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते बाजूला ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सगळेच प्रकार माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलेले आहेत.

आजच धूळ उडाली असेल तर

समजा जुनी शेड पाडताना पत्रे फुटले, किंवा लॅगिंग खरवडताना पांढरा भुगा अंगावर पडला. त्या दिवशी धावत जाऊन एक्स-रे काढून काही दिसणार नाही. रक्ताच्या तपासणीतही कळत नाही, आणि गेलेले तंतू बाहेर काढणारं औषध नाही. एकदा-दोनदा थोडी धूळ गेली म्हणून आजार होईलच असंही नाही. धोका वाढतो तो धूळ किती होती आणि किती वर्षं खाल्ली यावर. तेव्हा घाबरून रात्र जागवू नका, पण पुढचं नीट करा.

कोरडा झाडू मारू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने भुगा गोळा करून जाड पिशवीत बांधा. अंगावरचे कपडे न झटकता काढा, ते घरच्या कपड्यांत मिसळू नका, डोक्यावरून अंघोळ करा. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा गमछा या तंतूंना अडवत नाही. त्यासाठी घट्ट बसणारा, बारीक कण रोखणारा फिल्टर असलेला मास्क लागतो आणि तो देणं मालकाचं काम आहे. छपरावर शाबूत बसलेला पत्रा तसाच असू द्या. तो कापला, भोक पाडलं, आपटून फोडला की तंतू सुटतात. कोकणात वादळानंतर फुटलेल्या पत्र्यांचे ढीग अंगणात पडलेले असतात आणि पोरं त्यांवर उड्या मारत असतात. ते ढीगही ओले करूनच उचलायला हवेत.

मग वहीत लिहा: तारीख, जागा, काम कुणी सांगितलं, कंत्राटदाराचं नाव, सोबत कोण होतं, किती तास, मास्क होता की नव्हता. मोबाइलवर फोटो काढा. मालकाला किंवा सुरक्षा अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेजही चालेल, तोंडी सांगणं पुरेसं नाही.

छातीत नेमकं काय होतं

हे तंतू इतके बारीक असतात की नाकातल्या केसांना आणि खाकऱ्याला चुकवून फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळायला जातात, पण पचवू शकत नाहीत. वर्षानुवर्षं दाह चालू राहतो आणि त्यातून वेगवेगळे आजार होतात. ते वेगळे ओळखणं गरजेचं आहे, कारण उपचार आणि भरपाई दोन्ही निदानाच्या नावावर ठरतं.

सगळ्यात सौम्य म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणावर पडणारे जाड चट्टे, ज्यांना डॉक्टर प्लुरल प्लाक म्हणतात. त्यांनी बहुतेकांना काही त्रास होत नाही आणि ते कर्करोगात बदलत नाहीत. पण ते धूळ गेल्याचे पुरावे आहेत. रिपोर्टात हा शब्द दिसला की तो कागद जपून ठेवायचा.

अ‍ॅस्बेस्टॉसिसमध्ये फुफ्फुसच आतून घट्ट आणि कडक होत जातं. जिना चढताना धाप, कोरडा खोकला, हळूहळू सपाटीवर चालतानाही दम, बोटांची टोकं फुगणं. डॉक्टर पाठीला स्टेथोस्कोप लावतात तेव्हा खालच्या भागात श्वास आत घेताना कुरकुर ऐकू येते. हा साधारणपणे भरपूर आणि दीर्घ काळ धूळ खाल्लेल्यांचा आजार आहे. झालेलं नुकसान परत भरून येत नाही.

फुफ्फुसाचा कर्करोग हा तिसरा. इथे विडी-सिगारेटचा हिशेब वेगळाच आहे. अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांवर १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, धूळ आणि धूम्रपान यांपैकी काहीच नसलेल्यांच्या तुलनेत, फक्त धूळ खाल्लेल्यांना फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका सुमारे पाचपट, फक्त सिगारेट ओढणाऱ्यांना दहापटीहून थोडा जास्त आणि दोन्ही असलेल्यांना पन्नासपटीहून जास्त दिसला. नंतरच्या अभ्यासांत गुणाकार इतका मोठा निघाला नाही, पण दोन्ही मिळून धोका फार वाढतो यावर एकमत आहे. धूळ आता काढता येत नाही, विडी सोडता येते. माझ्या मते या लेखातला सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक उपचार तोच.

चौथा मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. याचा विडीशी संबंध नाही. याला धूळही कमी पुरते आणि तो तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. अ‍ॅस्बेस्टॉसशी त्याचं नातं १९६० साली दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यातल्या रुग्णांवरून उघड झालं. त्यांतले सगळे खाणकामगार नव्हते, काही नुसते त्या परिसरात लहानाचे मोठे झालेले होते.

डॉक्टरकडे गेल्यावर

आपल्याकडे छातीत पाणी झालं की पहिला संशय टीबीचा येतो, आणि तो बहुतेक वेळा बरोबरही असतो. अडचण अशी की धुळीच्या आजारात टीबीची औषधं सुरू होतात, पाणी पुन्हा भरतं, पुन्हा काढतात, पुन्हा औषधं, आणि यात वर्ष जातं. हे टाळण्याचा उपाय रुग्णाच्याच हातात आहे. केसपेपर निघाला की डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा: ‘मी अमुक साल ते अमुक साल ब्रेक लायनिंगच्या खात्यात होतो, अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ असायची.’ आणि ते केसपेपरवर लिहून घ्या. ‘हिस्ट्री’च्या रकान्यातल्या त्या एका ओळीने निदान सुधारतं, आणि दहा वर्षांनी कोर्टात तीच ओळ सांगते की ही गोष्ट भरपाईसाठी आत्ता रचलेली नाही.

शक्यतो छातीरोगतज्ज्ञाकडे जा, आणि व्यावसायिक आजारांची जाण असलेला मिळाला तर उत्तमच. मूळ तपासण्या तीन. छातीचा एक्स-रे, तो आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या वर्गीकरणानुसार वाचलेला असावा. फुंकण्याची चाचणी, म्हणजे पीएफटी, जीत फुफ्फुसाची एकूण क्षमता कमी झालीय का ते कळतं. तिच्यासोबत डीएलसीओ नावाची चाचणी जोडून मागा, कारण प्राणवायू रक्तात उतरण्याची ताकद तीच मोजते आणि अ‍ॅस्बेस्टॉसिसमध्ये ती लवकर घटते. शंका राहिली तर एचआरसीटी, म्हणजे अधिक बारकावे दाखवणारा सीटी स्कॅन. एक्स-रे स्वच्छ असूनही स्कॅनमध्ये सुरुवातीचा आजार दिसू शकतो. मेसोथेलिओमाचा संशय असेल तर मात्र छातीतलं पाणी तपासून भागत नाही, आवरणाचा तुकडा काढून त्यावर खास रंगचाचण्या कराव्या लागतात. मुंबईत टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी तो तुकडा दाखवून घेणं श्रेयस्कर, कारण हा कर्करोग दुर्मीळ आहे आणि इतर कर्करोगांशी त्याची गल्लत होते.

काही त्रास नसलेल्यांनी काय करावं? नोकरीत असाल तर वार्षिक तपासणी हा तुमचा हक्क आहे. नोकरी सुटल्यावर एक्स-रे आणि पीएफटी तीन ते पाच वर्षांनी पुरते, असा अमेरिकन थोरॅसिक सोसायटीचा २००४ चा सल्ला आहे. दर सहा महिन्यांनी सीटी स्कॅन करत सुटू नका, त्यातल्या किरणांचाही हिशेब असतो. धाप वाढली, वजन उतरलं, छातीत एकाच बाजूला दुखत राहिलं, खोकल्यातून रक्त आलं, तर तपासणीची तारीख यायची वाट बघू नका.

उपचारांबद्दल थोडक्यात. अ‍ॅस्बेस्टॉसिसमध्ये फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी, श्वासाचे व्यायाम, गरज पडली तर घरी ऑक्सिजन. झपाट्याने वाढणाऱ्या फायब्रोसिसला, म्हणजे फुफ्फुस कडक होण्याला, आवर घालणारी औषधं काही निवडक रुग्णांना दिली जातात. मेसोथेलिओमात केमोथेरपी आणि अलीकडे इम्युनोथेरपी, शस्त्रक्रिया फार थोड्यांना. या आजारात निदानानंतरचा काळ बऱ्याचदा महिन्यांत मोजावा लागतो, म्हणून पैशाची कामं ‘बरा झाल्यावर बघू’ म्हणून मागे ठेवायची नाहीत.

डॉक्टरांकडून एक गोष्ट मागून घ्यायची. रिपोर्टात बऱ्याचदा नुसतं ‘आयएलडी’ (फुफ्फुसाच्या अनेक आजारांसाठीचं मोघम नाव) किंवा ‘फायब्रोसिस’ लिहिलेलं असतं. त्यावर भरपाई मिळत नाही. निदानात ‘अ‍ॅस्बेस्टॉसिस’ हा शब्द आणि तो कामाच्या ठिकाणच्या धुळीमुळे झाल्याचं मत स्पष्ट लिहिलेलं हवं. अ‍ॅस्बेस्टॉसिस हा कायद्याच्या यादीतला कळवायलाच हवा असा आजार आहे. कारखान्यातल्या कामगाराला तो झाल्याचं आढळलं तर कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयाला लेखी कळवणं उपचार करणाऱ्या डॉक्टरवर बंधनकारक असतं. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. फार थोडे डॉक्टर ते करतात. नम्रपणे आठवण करून द्या.

तुमची फाइल चाळीस वर्षं सांभाळायची आहे, मालकाने

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात निकाल दिला. अहमदाबादच्या या ग्राहक संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांसाठी याचिका केली होती. न्या. के. रामस्वामी यांनी लिहिलेल्या त्या निकालाने कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या कलमाखालचा मूलभूत हक्क मानला, आणि तो नोकरीत असतानाचा तसाच निवृत्तीनंतरचाही. २०११ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घालायला न्यायालयाने नकार दिला, पण १९९५ चे आदेश पाळलेच पाहिजेत हे पुन्हा बजावलं.

त्यातला एक आदेश प्रत्येकाने पाठ करावा. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी सुरू झाल्यापासून किमान चाळीस वर्षं किंवा नोकरी संपल्यापासून पंधरा वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तिथपर्यंत मालकाने ठेवायची. म्हणजे १९८५ ला लागून २०२० ला निवृत्त झालेल्याची फाइल २०३५ पर्यंत असायला हवी. दुसरा आदेश प्रत्येक कामगाराला विमा संरक्षण देण्याचा. तिसरा, अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या तपासणीत ज्यांना अ‍ॅस्बेस्टॉसिस असल्याचं ठरेल त्यांना प्रत्येकी एक लाख रुपये देण्याचा. १९९५ साली ती रक्कम बरी होती. आज त्यात एचआरसीटी आणि घरच्या ऑक्सिजनचा खर्चही फार दिवस चालणार नाही.

फाइल अशी मागायची: कंपनीला रजिस्टर्ड पोस्टाने पत्र, आपल्या एक्स-रे, पीएफटी आणि वैद्यकीय तपासणीच्या प्रती द्या म्हणून. धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराला स्वतःच्या आरोग्याच्या नोंदी पाहण्याचा हक्क कारखाने कायद्यानेही दिला होता. उत्तर आलं नाही तर औद्योगिक सुरक्षा संचालनालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा: त्या कारखान्याचे तपासणी अहवाल, हवेतल्या तंतूंची मोजमापं, कळवलेले आजार. कारखाना बंद असला तरी सरकारी दप्तर चालू असतं.

नोकरीचा पुरावा म्हणून पीएफचं पासबुक फार उपयोगी पडतं, कारण त्यात कंपनीचं नाव आणि सालं दोन्ही असतात आणि ते तुम्ही स्वतः बनवलेलं नसतं. ईएसआयचं कार्ड, गेटपास, पगाराची पावती, युनियनची वर्गणी पावती, सेवेचा दाखला, खात्यातल्या सत्कार समारंभाचा फोटो, सगळं एका ठिकाणी ठेवा. सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं ते हयात आहेत तोवर करून घ्या. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण साक्षीदारही त्याच धुळीत उभे होते.

पैसे कुणाकडून: ईएसआय की मालक

पहिला प्रश्न एकच: ज्या काळात धूळ खाल्ली त्या काळात तुम्ही ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत होता का? होता, तर दावा ईएसआयकडे. मग मालकाकडून कामगार भरपाई कायद्याखाली वेगळी रक्कम मागता येत नाही. ईएसआयमध्ये व्यावसायिक आजारासाठी विशेष वैद्यकीय मंडळ बसतं. तात्पुरतं काम बंद असेल तर सरासरी मजुरीच्या नव्वद टक्के आणि कायमचं अपंगत्व ठरलं तर कमाईची ताकद जितके टक्के घटली त्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते. मृत्यूनंतर अवलंबितांना निवृत्तिवेतन मिळतं. आणखी एक सोय फारशी कुणाला माहीत नसते. किमान पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात.

ईएसआयमध्ये नव्हता, तर मालकाकडे. यासाठी १९२३ चा कामगार भरपाई कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. तुमचं प्रकरण जुन्या कायद्यात बसतं की नव्या, हे आजार कधी कळला यावरून वकिलाला ठरवू द्या. मूळ सांगाडा तोच राहिला आहे. अ‍ॅस्बेस्टॉसिस, तसंच अ‍ॅस्बेस्टॉसमुळे झालेला फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हे व्यावसायिक आजारांच्या परिशिष्टात नावानिशी आहेत. नावानिशी असण्याचा फायदा मोठा, कारण आजार कामाशी संबंधित आहे की नाही यावर शून्यापासून वाद घालावा लागत नाही. अनेक मालकांकडे काम केलं असेल तर अ‍ॅस्बेस्टॉसिसची जबाबदारी त्यांच्यात वाटून टाकण्याची तरतूदही आहे.

रक्कम कशी निघते ते पाहू. पूर्ण कायमचं अपंगत्व असेल तर मासिक वेतनाच्या साठ टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. जुन्या कायद्याखाली २०२० पासून वेतन कितीही असलं तरी हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० रुपयेच धरायचे होते. वय ५० असेल तर गुणक १५३.०९. म्हणजे ९,००० गुणिले १५३.०९, एकूण १३,७७,८१० रुपये. अंशतः अपंगत्व असेल तर कमाईची ताकद जितके टक्के घटली तितका हिस्सा. डॉक्टरांनी चाळीस टक्के लिहिले तर ५,५१,१२४ रुपये. हाताचं बोट तुटलं तर किती टक्के हे कायद्यात छापलेलं आहे, फुफ्फुसाचं नाही. म्हणून टक्केवारी लिहिणारा डॉक्टरचा दाखला हा सगळ्या दाव्याचा कणा असतो, आणि तो पीएफटीच्या आकड्यांवर आधारलेला असला तरच समोरच्या वकिलापुढे टिकतो. रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर बारा टक्के व्याज आणि योग्य कारणाशिवाय उशीर केला तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड, असंही १९२३ च्या कायद्यात होतं.

आता ती दोन वर्षं. ती अपघाताच्या तारखेपासून मोजतात, आणि आजाराच्या बाबतीत ही तारीख म्हणजे आजारामुळे सलग कामावर जाता न आल्याचा पहिला दिवस. काम चालू असताना अंशतः अपंगत्व आलं तर मालकाला लेखी कळवल्याचा दिवस. नोकरी सुटल्यावर लक्षणं दिसली तर? १९२३ च्या कायद्यात त्यासाठीही सोय होती, पण लक्षणं नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांत दिसली तरच. वीस-चाळीस वर्षांनी उगवणाऱ्या आजारासाठी ही तरतूद लिहिणाऱ्याने छातीरोगतज्ज्ञाला विचारलं नसावं. ब्रिटनमध्ये मुदत तीन वर्षं आहे, पण ती आजार आणि त्याचं कारण कळल्यापासून मोजतात. तसा साधा नियम आपल्याकडे हवा होता.

यावर वाट आहे ती ‘पुरेसं कारण’ दाखवून उशीर माफ करून घेण्याची. तो अधिकार भरपाई ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. महाराष्ट्रात हे काम बऱ्याच ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहतात. आजार आत्ताच कळला, कंपनीने तपासण्यांचे निकाल कधी दिलेच नाहीत, डॉक्टर टीबी समजत होते, ही कारणं कागदांसह मांडावी लागतात. म्हणून निदानाचा कागद हाती पडला की त्याच आठवड्यात मालकाला लेखी नोटीस पाठवा आणि दावा दोन वर्षांच्या आत टाका. दावा कारखान्याच्या गावीच लावावा लागतो असं नाही, तुम्ही राहता त्या भागातही लावता येतो. मुंबईहून साताऱ्याला परतलेल्या माणसासाठी हे महत्त्वाचं आहे. औद्योगिक कामगाराला उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. दिवाणी दावा आणि भरपाईचा दावा दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत, एक निवडावा लागतो.

कंपनीने काही रक्कम हातावर ठेवून ‘पुन्हा काही मागणार नाही’ अशा कागदावर सही मागितली तर थांबा. अशी तडजोड नोंदवून घ्यावी लागते आणि हक्क सोडून देणारा करार कायद्याने टिकत नाही. पण सही करून बसलात की वर्ष-दोन वर्षं त्यावरच वाद चालतो.

कंत्राटी कामगारांना वाटतं की हजेरीवर नाव कंत्राटदाराचं, त्यामुळे आपलं काही नाही. तसं नाही. काम ज्या मुख्य मालकाच्या धंद्याचा भाग होतं त्याच्याकडूनही भरपाई मागता येते, पुढे तो कंत्राटदाराशी बघून घेईल. मालक दिवाळखोर झाला असेल आणि त्याने विमा काढलेला असेल, तर विमा कंपनीविरुद्धचा त्याचा हक्क कामगाराकडे येतो. टर्नर अँड न्यूवॉल ज्या अमेरिकी समूहात गेली तो समूह २००१ मध्ये दिवाळखोरीत गेला आणि दाव्यांसाठी ट्रस्ट उभे राहिले. तिच्या भारतातल्या जुन्या कारखान्यांत काम केलेल्यांनी या वाटेची चौकशी युनियन किंवा वकिलामार्फत करावी, पण आधी पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवावं. रत्नागिरी-रायगडकडच्या ज्या खलाशांनी परदेशी जहाजांच्या इंजिनरूममध्ये वर्षं काढली, त्यांनी आपलं सीडीसी पुस्तक, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, सांभाळावं. कोणतं जहाज, कधी चढलो, कधी उतरलो हे त्यात लिहिलेलं असतं, आणि दावा जहाजमालकाच्या देशातल्या कायद्याखाली उभा राहू शकतो का हे त्यावरून ठरतं. जहाजांवर नव्याने अ‍ॅस्बेस्टॉस बसवण्यावर पूर्ण बंदी आली ती १ जानेवारी २०११ पासून.

भरपाई यायला वर्षं लागतात, औषधाचं दुकान उधारीवर वर्षं चालत नाही. मधल्या काळासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, आणि २०२४ पासून ती सगळ्या शिधापत्रिकाधारकांना खुली आहे. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्ड वेगळं. नोकरीतच पूर्ण अपंगत्व आलं तर पीएफच्या पेन्शन योजनेत दहा वर्षांची अट न लावता अपंगत्वाचं पेन्शन मिळतं, आणि ग्रॅच्युइटीलाही पाच वर्षांची अट लागत नाही. ‘आजारी आहे, राजीनामा दे’ असा सल्ला घरचे देतात, तो लगेच मानू नका. राजीनाम्यात कारण ‘वैयक्तिक’ लिहिलं की यातलं बरंच हातचं जातं. द्यायचाच असेल तर कारण आजार लिहा आणि वैद्यकीय दाखला जोडा.

रुग्ण फार आजारी असेल तर त्याची साक्ष घरी किंवा रुग्णालयात नोंदवण्यासाठी कोर्टाकडे कमिशनर नेमण्याचा अर्ज करता येतो. त्याने कोणत्या खात्यात, कोणत्या मशिनवर काम केलं हे त्याच्याइतकं दुसरं कुणी सांगू शकत नाही. आणि दुर्दैवाने तो गेला, तर मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय दाखल्यात नुसतं ‘हृदयक्रिया बंद पडली’ लिहून घेऊ नका. मूळ कारणाच्या रकान्यात मेसोथेलिओमा किंवा अ‍ॅस्बेस्टॉसिस यायला हवं, आणि ते डॉक्टर दाखल्यावर सही करण्याआधी सांगायचं असतं. निदान पक्कं नसेल तर शवविच्छेदनाचा निर्णयही त्याच काही तासांत घ्यावा लागतो. बायोप्सीचे, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याचे, ब्लॉक आणि स्लाइड रुग्णालयातून मागून घ्या. वारसांच्या दाव्याची दोन वर्षं मृत्यूच्या तारखेपासून नव्याने मोजली जातात.